शर्टाचं शेपूट

आमच्या कॅम्पाच्या मधल्या तुळईवर शर्टांची एकवीस शेपटं खिळ्यांनी ठोकलेली आहेत. कॅम्प म्हणजे जंगलातलं लाकडी खोपटं. पंधरा नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडला की आम्ही मंडळी पंधरा दिवस तिथे राहतो, आणि घरच्या बायका तेवढे दिवस सुखाने झोपतात. ज्याचा नेम हरणावर चुकला त्याच्या शर्टाचा मागचा खालचा भाग कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तुळईला ठोकायचा, ही रीत. अडतीस हंगामांत त्या तुळईवर माझं शेपूट नव्हतं. ही गोष्ट मी आपण होऊन कुणाला सांगत नसे. विषय निघाला तरच सांगे. विषय कसा काढायचा ते मला ठाऊक होतं.

कॅम्पाचा दुसरा नियम माझ्या बापाने केलेला. खोपटं त्यानेच बांधलं, त्यामुळे नियम करायचा हक्कही त्याचाच. सलग तीन हंगाम ज्याने हरणावर एकदाही नेम सोडला नाही, त्याने शेगडीजवळचा खालचा पलंग सोडायचा, मागच्या पडवीत उंदरांच्या शेजारी खाट टाकायची आणि हातपाय चालतात तोवर सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. नेम चुकला तरी हरकत नाही, पण सुटला पाहिजे. तो शेगडीजवळचा पलंग आधी बापाचा होता, त्याच्यामागे माझा झाला.

आता माझी अडचण सांगतो. दोन वर्षांपूर्वी लाकूडतोडीवर मॅपलची फांदी माझ्या उजव्या खांद्यावर आली. ते दोन्ही हंगाम मी कॅम्पात कॉफी उकळत बसलो. तिसरा तोंडावर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बंदुकीचा दस्ता या खांद्याला लावलात, तर पुढच्या वेळी खांदा डब्यात घालून आणा." बरं, डाव्या खांद्याला लावावा तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

तेव्हा मला धनुष्य सुचलं. धनुष्याचा हंगाम पहिल्या ऑक्टोबरला उघडतो आणि चौदा नोव्हेंबरला, बंदुकीच्या आदल्या संध्याकाळी, मिटतो. बापाच्या नियमात 'नेम सोडला पाहिजे' एवढंच आहे. कशातून, ते नाही. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मला एक धनुष्य मिळालं. साधं लाकडी, दोन्ही टोकं पुढच्या बाजूला वळलेली, सोबत भाता आणि सहा बाण. घरी आणून ते मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. बायको, म्हणजे सायमा, शिवणयंत्रावर बसली होती. दर हंगामाला ती मला लाल-काळ्या चौकड्यांचा नवा लोकरी शर्ट शिवते.

"बंदूक ढकलते," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर बंदूक नको."

"आणि हे ओढायचं असतं."

"हो."

"खांदा तोच ना?"

बायकांना शास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नसतो. मी धनुष्य घेऊन अंगणात गेलो.

पहिला सल्ला द्यायला सायमाचा भाऊ वाइनो आला. शेगडीजवळच्या पलंगावर माझ्यानंतरचा नंबर त्याचा. त्याची पाठ अधू आहे आणि तो वीस वर्षं वरच्या पलंगावर शिडीने चढतो, कण्हतो, आणि ते कण्हणं मला खाली ऐकू येईल असं बघतो. माझा प्रयत्न तो कुंपणाला टेकून पाहत राहिला. धनुष्य चार बोटं वाकलं. मी आठ बोटं वाकलो.

"छान," वाइनो म्हणाला. "दाजी, एक विचारू? त्या पलंगावरची गादी यंदा बदलायची का? तुमच्या मापाचा खड्डा पडलाय तिच्यात. मी जरा आखूड आहे."

"गादी तशीच राहील."

"मी आपलं विचारलं. घाई नाही. चौदा तारखेपर्यंत वेळ आहे."

दुसरा सल्ला ताइस्तोचा. तो कॅम्पातला सगळ्यात बडबड्या. त्याच्याकडे हल्लीचं चाकांचं धनुष्य आहे. "ओन्नी, अरे अर्धं वजन चाकं उचलतात," तो म्हणाला. "माझी नात ओढते."

"मला चाकं हवी असती तर सायकल घेतली असती," मी म्हणालो. हे उत्तर मला त्या वेळी फार आवडलं होतं. पुढे महिनाभर, रात्री खांदा ठणकला की, ते मी आठवून पाही. दर वेळी थोडं कमी आवडे.

तिसरा सल्ला शेजारच्या हिल्मावहिनीचा. टर्पेंटाइनमध्ये हंसाची चरबी कालवून चोळायची. मी चोळली. आठ दिवस आमच्या कुत्र्याने मला घरात घेतलं नाही. पण खांदा मोकळा झाला, किंवा मोकळा झाला असं मला वाटलं, आणि एका संध्याकाळी मी दोरी पार हनुवटीपर्यंत आणून बाण सोडला. गवताची पेंढी लक्ष्य म्हणून समोर होती. बाण पेंढीच्या बराच वरून, सायमाच्या वाळत घातलेल्या चादरींमधून, दोन अंगणांमधलं कुंपण ओलांडून गेला आणि हिल्मावहिनीच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दारात थाडकन रुतला.

शनिवार होता. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी कोण कुठे असतं, हे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. मीच विसरलो. सौनाचं दार उघडलं. आतून वाफेचा लोट आला आणि लोटामागून पंच्यात गुंडाळलेल्या, लालबुंद हिल्मावहिनी आल्या. हातात वाफेत अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

"ओन्नी!" त्या ओरडल्या. "नवरा जाऊन अकरा वर्षं झाली माझा. तेव्हापासून या दारावर एवढ्या जोरात कुणी थाप मारली नव्हती! काय पाहिजे?"

"बाण," मी म्हणालो.

दोन्हीकडची अंगणं आणि समोरचा रस्ता धरून सात माणसांनी हे ऐकलं. सोमवारी गावाच्या कचेरीतून चिठ्ठी आली. वस्तीत बाण मारायला परवानगी लागते, येऊन अर्ज करा. कचेरीत तीनच प्रकारचे अर्ज होते: कुत्रा, कोंबड्या आणि कुंपण. तिथल्या बाईंनी बराच विचार करून माझी गवताची पेंढी कुंपणात घातली. मग कुंपणाची उंची मोजायला माणूस आला. कुंपण एकाच जागी पाच फूट लांब आणि दोन्ही बाजूंनी उघडं आहे, त्याने गुरं अडणार नाहीत, असा शेरा त्याने मारला. गुरं अडवायची नाहीत असं मी सांगितलं, तेव्हा मग कुंपण कशाला, असं त्याने विचारलं. मी शेवटी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत सराव करू लागलो. तिथे मला पाहायला कावळे होते. कावळे हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिकारीचा परवाना काढायला गेलो तिथे खिडकीवरच्या मुलीने माझा हात पाहिला आणि दया येऊन दुसराच कागद पुढे सरकवला. अपंगांना आडवं धनुष्य वापरायची सवलत होती. त्याला बंदुकीसारखा घोडा असतो. एकदा ताणून ठेवलं की बोटाने सोडायचं. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचनालयाच्या तळघरात वाचायला शिकलो, आणि तेव्हापासून कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाही. शेवटच्या ओळीत होतं: 'अर्जदार साधं धनुष्य ओढण्यास असमर्थ असल्याची डॉक्टरांनी समक्ष खात्री करावी.'

"घे की ते," सायमा म्हणाली. "त्यातही नेमच सुटतो ना?"

मी तयार झालो. हे मुद्दाम सांगतो, कारण मी हटवादी आहे असं मागून सगळे म्हणाले. धनुष्य घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मला फक्त एक करायचं होतं: जमायचं नाही. आयुष्यभर ज्या कामात मी तरबेज होतो, तेवढंच त्या दिवशी करायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ओढा." मी अर्ध्यावर थांबलो, चेहरा वेडावाकडा केला. डॉक्टर लिहू लागले. तेवढ्यात तिथली नर्स, विशीतली पोरगी, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या हं आजोबा. आमच्या आजोबांना तर लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही."

पुढचं मला नीट आठवत नाही. दोरी कानापर्यंत आली एवढं आठवतं. मी ती धरून पाचपर्यंत मोजलं, तेही मोठ्याने. खांद्याच्या आत सीडरची वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो मी एकट्यानेच ऐकला. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं: 'अर्जदार पूर्ण सक्षम.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडीची किल्ली मला उजव्या हाताने फिरवता आली नाही. सायमाने गाडी चालवली.

त्यानंतर दोरी हनुवटीपर्यंत एकदाही आली नाही. ऑक्टोबर गेला, बर्फ पडला, नोव्हेंबर अर्धा सरला. सायमाने शर्ट शिवून पिशवीत भरला. निघताना म्हणाली, "घाल हाच. दुसरा घेऊ नकोस." मी म्हटलं, काळजी.

चौदा तारखेला दुपारी आम्ही चौघे कॅम्पात पोचलो: मी, वाइनो, ताइस्तो आणि ताइस्तोचा जावई सुलो. ते लाकडं फोडत होते, बंदुका पुसत होते. वाइनोने आपली उशी माझ्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली.

"हे काय?"

"काही नाही दाजी. उशीला जागेची सवय होऊ दे."

मी धनुष्य घेतलं आणि बापाच्या जुन्या मचाणाकडे चालू लागलो. मचाणाखाली आठवडाभर आधी मी सफरचंदांचा ढीग टाकला होता. एका हाताने शिडी चढायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. वर बसलो आणि मिटायला आलेल्या हंगामात हरणाची वाट पाहू लागलो.

उजेड जायला अर्धा तास असताना तो आला. आठ टोकांच्या शिंगांचा नर. सफरचंदांपाशी येऊन थांबला, माझ्या थेट खाली, बारा हातांवर, अंग आडवं करून. इतका सोपा नेम मला अडतीस वर्षांत मिळाला नव्हता. मी दोरी ओढली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मागे जाईना, पुढे येईना. जिन्यात कपाट अडकावं तसा. मी मनात बापाचं नाव घेतलं. मग देवाचं घेतलं. मग हिल्मावहिनीच्या चरबीचं घेतलं. बोटं बधिर झाली, बाण दोरीवरून निसटला आणि टप्प करून खाली पडला. हरणापासून एक फुटावर.

हरणाने बाणाकडे पाहिलं. वाकून हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तसाच, रिकामं धनुष्य अर्धं ओढून, झाडावर. त्याने एक सफरचंद उचललं, सावकाश चावलं, दुसरं उचललं. माझा हात आपसूक सुटला आणि रिकामी दोरी टणत्कारली. तेव्हा ते निघालं. पळालं नाही, चालत गेलं. पळालं असतं तर निदान माझी भीती वाटली असं म्हणता आलं असतं.

मी कसाबसा उतरलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडी होती. बाण उचलायचं भान मला राहिलं नाही.

कॅम्पात जेवण वाढलं होतं. तिघांनी वर पाहिलं. मी दाराजवळ उभा होतो, शेगडीजवळचा पलंग समोर होता आणि त्याच्यावरच्या तुळईवर एकवीस शेपटं होती. ओढताच आलं नाही म्हणालो असतो तर पडवी, उंदीर आणि जन्माचा स्वयंपाक. अडतीस वर्षं जिच्यापासून लांब राहिलो, ती एकच गोष्ट आता मला वाचवू शकत होती.

"सोडला," मी म्हणालो. "चुकला."

ताइस्तोच्या हातातला डाव पडला. "ओन्नी चुकला? आमचा ओन्नी?"

सुलोने माझा भाता ओतून बाण मोजले. सहापैकी पाच. "खरंच की!"

"कुठे गेला?" वाइनोने विचारलं.

"पलीकडे. दलदलीच्या बाजूला. चाळीस पावलं."

"कात्री आणा!" ताइस्तो ओरडला. अडतीस वर्षं तो याची वाट पाहत होता. मी शर्ट बाहेर काढून पाठ वळवलीसुद्धा. कात्रीसाठी एवढ्या उत्सुकतेने पाठ वळवणारा तालुक्यात मी पहिलाच असेन.

"थांबा," वाइनो म्हणाला. "गोळी सापडत नाही, पण बाण सापडतो. चुकला असेल तर कुठेतरी रुतला असेल. उद्या पहाटे मी त्याच वाटेने जाणार आहे. बाण घेऊन येतो. मग कापू."

बाण बर्फावर आडवा पडला होता, ताटाशेजारी मांडलेल्या काट्यासारखा, आणि भोवती एका निवांत हरणाचे पाय उमटले होते. रात्री बाहेर पडलो असतो तर तिघांना कळलं असतं, आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी, उजाडल्यावर, आपली जागा सोडून जंगलात हिंडणं आमच्यात मोठं पाप. दुसऱ्यांची हरणं बुजतात आणि आपल्याला गोळी लागू शकते. दुसऱ्या कारणाची मला त्या क्षणी भीती नव्हती, पण पहिल्याची लाज होती. पहाटे तिघे गेले. मी एका हाताने कणीक मळून मांस-बटाट्याच्या पेस्ट्या, म्हणजे मोठ्या भाजक्या करंज्या, करत बसलो. त्या चांगल्या झाल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारी सगळे परतले. वाइनो शेवटी आला. त्याच्या हातात बाण होता. टोक वाकलेलं, त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला.

"चाळीस नाही," तो बाण टेबलावर ठेवत म्हणाला. "त्रेपन्न पावलं. मी मोजली. सीडरच्या बुंध्यात घुसला होता, पार पिसांपर्यंत. सुरीने कोरून काढायला लागला."

सुलोने शीळ घातली. "या वयात!"

मी बाण उचलून टोकावरचा भुसा नखाने खरवडला.

ताइस्तोने समारंभाने माझा शर्ट धरला आणि कात्री लावली. दोन कच आवाज झाले आणि शेपूट आपोआप सुटून त्याच्या हातात आलं. त्याने ते उलटंपालटं केलं. मागची पट्टी वेगळी जोडलेली होती, पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब कच्च्या टाक्यांनी. कात्री न लावता, नुसती ओढली असती तरी आली असती.

"सायमाने आधीच सोय करून ठेवली होती!" ताइस्तो टेबलावर डोकं ठेवून हसला. "बाविसावं! घरूनच तयार आलेलं!"

नाव आणि साल मी स्वतः लिहिलं. अक्षर बरं आलं.

नंतर वाइनो लाकडं आणायला बाहेर गेला, तेव्हा मी मागोमाग गेलो.

"वाइनो, बाण कुठे होता?"

"सफरचंदांपाशी." त्याने एक ओंडका उचलला, पाठ धरली, कण्हला. हे कण्हणं खरं होतं. "बर्फावर आडवा. शेजारी हरणाच्या नाकाचा ठसा होता, दाजी. नाकाचा."

"मग? पलंग नको का तुला?"

"पाहिजे तर! त्या शिडीवर मरेन मी एक दिवस." तो ओंडका छातीशी धरून उभा राहिला. "तुमच्या वडिलांचं शेपूट आहे ना वर? निळ्या शर्टाचं?"

होतं. साठ सालचं. बाप एकाहत्तर वर्षांचा होता, आणि जन्मात एकदाच चुकला. ते शेपूट मी लहान मुलांना दाखवत असे: बघा, एवढा मोठा नेमबाज, पण माणूसच.

"त्या साली मी कॅम्पात नवा होतो," वाइनो म्हणाला. "नव्याने सगळ्यांच्या बंदुका साफ करायच्या. त्यांचीही मीच केली. नळीत धुराचा वास नव्हता, दाजी. आरशासारखी होती."

मी ओंडक्यावर बसलो. नियम बापाने स्वतः केला होता. त्याचा स्वतःचा तो तिसरा रिकामा हंगाम असेल, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

"तू कुणाला बोलला नाहीस?"

"बोलून काय? त्या पलंगाच्या रांगेत तेव्हा माझ्यापुढे चार जण होते." तो दाराकडे वळला. "तुमची तीन वर्षं आजपासून परत सुरू झाली. त्यानंतर मात्र मी बाण शोधायला जाणार नाही. सांगून ठेवतो."

घरी आलो तेव्हा मला शर्टाची बटणं काढता येत नव्हती. सायमाने काढली. एक बाही, मग दुसरी, खांद्याला धक्का न लावता. मागची बाजू तिने उजेडात धरून पाहिली.

"टाके कच्चे होते," मी म्हणालो.

"हो."

"का?"

"चुकलास तर बाकीचा शर्ट वाचावा म्हणून. चांगलं कापड आहे."

"आणि चुकलो नसतो तर?"

"तर पक्के मारून दिले असते. कितीसा वेळ लागतो?" तिने माझा हात अलगद वर करून पाहिला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. ती बराच वेळ तो तसाच धरून होती.

मग हात खाली ठेवला, शर्टाला लोंबणारा दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "पुढच्या तीन वर्षांचं कापड एकदमच आणून ठेवते. तेही कच्चेच मारते."